गिऱ्हाईक होऊन पाहिले तेव्हा

आमच्या पेढीवर वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, एक नियम होता. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आले की वही मिटायची, मान वर करायची आणि मगच 'या' म्हणायचे. हिशेब कितीही नाजूक जागी आलेला असो, आण्णांचा पेन थांबत असे. मी कॉलेज संपवून पेढीवर बसू लागलो, तेव्हा मला या नियमाचे हसू येई. हंगामात दिवसाला शंभर माणसे येतात; प्रत्येकासाठी वही मिटत बसले तर बेरजा कोणी करायच्या, असा माझा प्रश्न असे. आण्णा त्यावर वाद घालीत नसत. ते गेल्यानंतर नियमही हळूहळू गेला. तो गेला हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षे लागली, आणि ध्यानात आणून दिले ते एका सायकलीने. तीही अशी, की जी एका जागेवरून तसूभरही हलत नाही.

आमचा व्यवसाय गुळाच्या अडतीचा. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, तेव्हापासून या शहरात अनेक घराण्यांचे नशीब उसाशी बांधले गेले. आमचे त्यांपैकीच एक. आजोबांची पेढी शाहूपुरीत होती, आता आम्ही मार्केट यार्डात आहोत. तीस किलोच्या रव्यांच्या थप्प्यांमध्ये माझे बालपण गेले. अशा घरातल्या माणसाच्या रक्तात साखर निघावी, यात आश्चर्य काही नाही. पण दोन वर्षांपूर्वी श्रावणात तपासणीचा कागद हाती आला, तेव्हा मला धक्का बसला. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा ८.६ होता. तो सातच्या आत हवा, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळ्या लिहून दिल्या, आहार लिहून दिला आणि शेवटी म्हणाले, "आठवड्याला किमान दीडशे मिनिटे व्यायाम. मार्केट यार्डातल्या फेऱ्या त्यात धरायच्या नाहीत."

गूळ त्या दिवसापासून सोडला. व्यायाम मात्र जमेना. रंकाळ्यावर फिरायला जावे तर चार पावलांवर ओळखीचा भेटतो आणि भावाची चर्चा सुरू होते. शिवाय गुडघा कुरकुरू लागलेला. तेव्हा सूनबाईंनी सुचवले, "आण्णा, बंद खोलीतल्या सायकलचा क्लास सुरू झालाय. गुडघ्यावर भार येत नाही. माझ्या मैत्रिणी जातात." आमच्या घरी आता 'आण्णा' मी आहे.

सायकल मला परकी नव्हती. आमच्या लहानपणी ती तासाच्या भाड्याने मिळे. पेठेतल्या दुकानदाराकडे नाव लिहायचे, घड्याळ पाहायचे आणि निघायचे. पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊन परत येईपर्यंत तास संपत आलेला असे. तो दुकानदार सायकल देताना आमच्या उंचीकडे पाही आणि पाना घेऊन सीट खाली करी. पैसे तेवढेच घेई. ही गोष्ट तेव्हा लक्षात घेण्याजोगी वाटली नव्हती. नंतर तीच पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

गणपती झाल्यावर मी त्या स्टुडिओत गेलो. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, काळे पडदे, ओळीने मांडलेल्या वीस सायकली. त्यांना मागचे चाक नाही. पुढे एक जड लोखंडी चाक आणि दांड्यावर एक गोल बटण. बटण उजवीकडे फिरवले की चाक जड होते, म्हणजे चढ लागला. डावीकडे फिरवले की उतार. समोर उंच चौथऱ्यावर प्रशिक्षकाची सायकल, त्याच्या मागे मोठा पडदा आणि त्यावर प्रत्येक सायकलीचा क्रमांक व मिनिटाला किती फेरे पडत आहेत तो आकडा. दिवे मंद, संगीत मोठे. एक तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे.

या प्रकाराचा उगम मी नंतर वाचला. जॉनी गोल्डबर्ग हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा सायकलपटू कॅलिफोर्नियात राहत होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तो रात्री रस्त्यावर सराव करी. एकदा मोटारीच्या धडकेतून थोडक्यात बचावल्यावर त्याने घरातच सरावासाठी एका जागी फिरणारी सायकल तयार केली, असे सांगतात. ही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. पुढे श्विन या सायकल कंपनीने अशा सायकली बाजारात आणल्या. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सोलसायकल' निघाले आणि अंधारी खोली, संगीत व समूहाचा उत्साह यांचा एक मोठा धंदाच उभा राहिला. अपघाताच्या भीतीतून आणि घरच्या गरजेतून निघालेली वस्तू अशी फिरत फिरत कोल्हापूरच्या दुसऱ्या मजल्यावर आली होती.

माझा पहिला दिवस फजितीचा गेला. स्वागताच्या टेबलावरील मुलीने एक छापील कागद पुढे केला. बारीक अक्षरांत पाऊण पान मजकूर होता. मी चष्मा काढलाच नाही. खाली सही केली आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. एकदम भरल्यास सवलत होती, आणि सवलत सोडणे व्यापाऱ्याच्या जिवावर येते. प्रशिक्षक पंचविशीचा, चपळ मुलगा. "वेलकम अंकल!" म्हणाला आणि चौथऱ्यावर चढला. सीट कितीवर ठेवायची हे मला कोणी सांगितले नाही. पाच मिनिटांत धाप लागली म्हणून मी पाय थांबवले. पण पेडल थांबेनात! या सायकलींपैकी पुष्कळांचे जड चाक पेडलशी पक्के जोडलेले असते. आपण थांबलो तरी ते फिरत राहते आणि पायांना ओढत नेते. थांबायचे असल्यास तेच गोल बटण खाली दाबायचे असते. हे मला शेजारच्या सायकलीवरील एका वहिनींनी ओरडून सांगितले, तेव्हा माझी सुटका झाली.

त्या वहिनी गुजरीतल्या एका सराफ कुटुंबातल्या, वय पन्नाशीचे. तास संपल्यावर त्यांनीच मला सीट लावायला शिकवले. सायकलीशेजारी उभे राहावे, सीट कमरेच्या हाडाइतकी उंच असावी. बसल्यावर पाय सर्वांत खाली गेला की गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट खाली असेल तर गुडघा दुखतो, फार वर असेल तर कंबर. "पहिला आठवडा बसायला त्रास होईल, भाऊ. मग सवय होते. आणि चाक फार हलके ठेवून भरभर फिरवू नका, पायांवर ताबा राहत नाही," त्या म्हणाल्या. मी विचारले, "वहिनी, आपल्याला हे कोणी शिकवले?" त्या हसल्या. "कोणी नाही. माझा गुडघा दुखला, तेव्हा मीच शोधून काढले."

पुढच्या दोन महिन्यांत मी तेथे येणाऱ्यांना ओळखू लागलो. बँकेत काम करणारा एक तरुण पाठदुखीसाठी येई. एक कॉलेजातली मुलगी पडद्यावरच्या आकड्यासाठी येई. तिचा क्रमांक पहिला आला नाही तर तिचा दिवस वाया जाई. सराफांच्या वहिनी मात्र एकदा सहज म्हणाल्या, "घरात अठरा माणसे आहेत. ही पाऊण तासाची वेळ अशी आहे की त्यात मला कोणी हाक मारीत नाही." ते ऐकून मी गप्प झालो. स्टुडिओवाला सायकल विकतो असे समजत होता, आणि ही माउली अंधारात पाऊण तास एकटी राहण्याचे पैसे मोजत होती. गिऱ्हाईक नेमके काय घ्यायला आले आहे, ते पाटीवर लिहिलेले नसते. ते विचारावे लागते, निदान पाहावे लागते.

आपल्या घरांतली एक अडचण येथे सांगितली पाहिजे. संध्याकाळचा तास साडेसहाचा. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे तर भरल्या पोटी अर्ध्या तासात सायकलवर चढावे लागे. एकदा तसे केले आणि मळमळ होऊन अर्ध्यावर उतरलो. साडेपाचला तास ठेवता येईल का, असे आम्ही पाच-सहा जणांनी विचारले. "सिस्टीममध्ये तशी वेळ नाही," असे उत्तर मिळाले. मग मी सकाळी साडेसहाचा तास धरला.

त्याआधी दिवाळी आली. पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे झाले, हंगाम चढला आणि मी तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. या तीन आठवड्यांत स्टुडिओतून एकही फोन आला नाही. हे मला खटकले आणि व्यापाऱ्याच्या डोक्याने मी त्याचा विचार करू लागलो. आमच्याकडे नेहमीचा शेतकरी एक आठवडा गूळ घेऊन आला नाही तर जीव खालीवर होतो. तो दुसऱ्या अडत्याकडे गेला की काय, म्हणून चौकशी होते. येथे तर गिऱ्हाईक आले नाही तरी यांचे काही बिघडत नाही. उलट सायकलीची झीज वाचते.

माझी ही शंका अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वीच मोजून ठेवली आहे, असे पुढे वाचनात आले. स्टेफानो डेला विन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोघांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सात हजारांहून अधिक सदस्यांच्या नोंदी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरांहून अधिक ठरावीक वर्गणी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी चार-सव्वाचार वेळाच येत होते. म्हणजे त्यांना एक खेप सतरा डॉलरांना पडत होती. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप दहा डॉलरांत पडली असती. 'आता आपण रोज जाणार' या स्वतःवरच्या विश्वासाची ती किंमत होती. मी स्वतःचा हिशेब केला तेव्हा सवलत घेऊनही माझी खेप सवलतीविना पडली असती त्याहून महाग पडली होती. आयुष्यभर भाव काढणारा मी स्वतःच्या आळसाचा भाव काढायला विसरलो होतो.

आता मुख्य प्रसंग. जानेवारीतली सकाळ. उजाडायला अवकाश होता. व्यायाम रिकाम्या पोटी करावा, अशी माझी समजूत. सकाळची गोळी मात्र नेमाने घेतली आणि तसाच निघालो. विसाव्या मिनिटाला प्रशिक्षकाने मोठा चढ लावायला सांगितला. मी बटण फिरवले. थोड्याच वेळात हात थरथरू लागले, कपाळावर गार घाम आला, पडद्यावरचे आकडे एकमेकांत मिसळू लागले. संगीत चालूच होते. प्रशिक्षक पडद्याकडे वळून आकडे पाहत होता आणि ओरडत होता, "नंबर अकरा, कम ऑन, नंबर अकरा!" अकरा क्रमांकाची सायकल माझीच होती.

शेजारच्या वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या उतरल्या, माझ्या सायकलीचे बटण दाबून चाक थांबवले, खांद्याला धरून मला खाली बसवले आणि विचारले, "भाऊ, साखरेची गोळी घेता का?" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. तिच्यात शेंगदाणे आणि गुळाचे खडे होते. त्यांनी दाणे बाजूला केले आणि दोन खडे माझ्या तोंडात घातले. पाच महिन्यांत मी गुळाला स्पर्श केला नव्हता. ती चव जिभेवर आली आणि डोळ्यांत पाणी आले. ते अशक्तपणाचे की आणखी कशाचे, सांगता येणार नाही. पाव तासात थरथर थांबली.

डॉक्टरांनी मागाहून समजावले ते प्रत्येक मधुमेही वाचकाने ध्यानात ठेवावे. व्यायामात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. मी घेत होतो ती ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. दोन्ही एकत्र आले की साखर एकदम उतरते. ती ७० च्या खाली गेली की धोक्याची पायरी. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, गूळ वा ग्लुकोज लगेच घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. दाण्यांसारखे स्निग्ध पदार्थ आधी खाऊ नयेत. त्यांनी साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. वहिनींनी दाणे बाजूला केले होते ते अनुभवाने. त्यांचे सासरे मधुमेही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. नव्या माणसाने पहिल्याच तासात ईर्ष्येने जोर केला तर मांडीचे स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मांड्या सुजून फार दुखू लागल्या आणि लघवी चहासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करीत न बसता रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार करायला गेलो. टेबलावरील मुलीने संगणक उघडला, माझा कागद शोधला आणि पडदा माझ्याकडे वळवून नम्रपणे म्हणाली, "सर, येथे लिहिले आहे की प्रकृतीची जबाबदारी सदस्याची राहील. खाली आपली सही आहे ना?"

सही माझीच होती. पण ते वाक्य कानावर पडताच मी तेथे उभाच राहिलो. ते मी पूर्वी ऐकले होते, आणि ऐकले होते ते माझ्याच तोंडून.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्हाळ्याकडच्या एका गावचा शेतकरी चाळीस रवे घेऊन आला होता. आमच्या पेढीवर तेव्हा प्रत्येक रव्यामागे कापडाचे आणि ओलाव्याचे म्हणून अर्धा किलो वजन धरले जाई. त्याने घरी रवे तोलून आणले होते. तो म्हणाला, "शेठ, गूळ कोरडा हाय. वीस किलोचा फरक पडतोय." हंगामाची गर्दी होती. मी वहीत बघत हिशेबपट्टी पुढे सरकवली आणि म्हणालो, "पट्टीवर तुमची सही आहे ना?" तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. पुन्हा आमच्या पेढीवर आला नाही. मी ते मनाला लावून घेतले नव्हते. सगळेच अडते तसे धरतात, असे माझे उत्तर तयार होते.

त्या स्टुडिओच्या टेबलापुढे मला प्रथम कळले की सही दाखवणे हे उत्तर नसते. ते संभाषण बंद करण्याचे साधन असते. वजनात कमी-जास्त करणे ही चोरीच, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकतो. मी ते परीक्षेपुरते शिकलो होतो.

घरी येऊन मी स्टुडिओच्या मालकाला पत्र लिहिले. रागाचे नव्हे. काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, आणि काय केले असते तर ते टळले असते, एवढेच. चार दिवसांनी तो स्वतः पेढीवर आला. तिशीचा मुलगा, डोळ्यांखाली काळे. सायकलींसाठी कर्ज काढलेले, जागेचे भाडे, विजेचे बिल. मी विचारले, "सभासद किती?" म्हणाला, "शंभरावर." "रोज येणारे?" "तीस-पस्तीस." मग जरा थांबून म्हणाला, "खरे सांगायचे तर काका, सगळे आले तर सायकली पुरणार नाहीत."

त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले. मी म्हणालो, "सगळे येणार नाहीत हे मलाही कळते. पण जे येत नाहीत त्यांच्यावर धंदा उभा राहिला की जे येतात त्यांच्याकडे पाहायची गरज उरत नाही. मग वर्ष संपले की दोन्ही जातात." तो ऐकत होता. मी त्याला तालमींची गोष्ट सांगितली. आमच्या घराजवळच्या तालमीत पहाटे पोरे जोर-बैठका मारीत. वस्ताद कोपऱ्यात बसलेला असे. हातात ना घड्याळ, ना आकडे. त्याची नजर पोरांच्या श्वासावर. "तू आज जेवून आलास, बस," किंवा "तुला ताप आहे, घरी जा," असे तो लांबूनच सांगे. मोतीबाग, गंगावेश अशा तालमींचे आणि १९१२ साली सुरू झालेल्या खासबाग मैदानाचे हे शहर. येथे व्यायाम शिकवणाऱ्याने शिष्याच्या तोंडाकडे पाहायचे, हे नव्याने शिकवावे लागू नये.

मी त्याला चार गोष्टी सुचवल्या. कागदावर सही घेण्यापूर्वी तोंडी विचारा: साखर, रक्तदाब, हृदय, गुडघे, कोणत्या गोळ्या. नव्या माणसाची सीट प्रशिक्षकाने स्वतः लावावी आणि थांबायचे कसे ते आधी शिकवावे. टेबलावर ग्लुकोज ठेवावे. आणि जो दोन आठवडे आला नाही त्याला फोन करावा. हंगाम, लग्नकार्य वा आजारपण असेल तर मुदत पुढे ढकलून द्यावी. यांपैकी तीन त्याने महिन्याभरात केल्या. मुदत वाढवण्याची गोष्ट त्याला परवडत नव्हती. पण चालू उन्हाळ्यापासून वर्षाला पंधरा दिवसांची सवलत ठेवली आहे. साडेपाचचा तासही सुरू झाला. त्यात आपल्या समाजातले दहा-बाराजण येतात, आणि मराठा, लिंगायत घरांतल्या भगिनीही येतात; त्यांनाही घरी परतून स्वयंपाकाला लागायचे असते.

त्याला चार गोष्टी सांगणे सोपे होते. माझी एक गोष्ट राहिली होती.

फेब्रुवारीत मी जुन्या वह्या काढल्या. चाळीस रवे, वीस किलो. आजच्या भावानेही ती रक्कम हजाराच्या आसपासच होती. तेवढी पाकिटात घातली आणि गाव शोधत गेलो. गुऱ्हाळ चालू होते. काहिलीतून वाफ उठत होती, चिपाडे जळत होती. तो शेतकरी आता सत्तरीचा, मुलाला पाकाचा अंदाज सांगत बसलेला. मी नाव सांगितले. त्याला ओळख पटली. पाकीट पुढे करून मी म्हणालो, "मामा, त्या वेळी तुमचे बरोबर होते. वजन आमचे चुकले."

त्याने पाकीट उघडले नाही. म्हणाला, "पैशाचं न्हवं ओ शेठ. त्या दिवशी तुम्ही मान वर करून बघितलं न्हाईसा, ते लागलं."

आण्णांचा नियम मला त्या गुऱ्हाळात, काहिलीच्या धगीत, एका परक्या माणसाने पुन्हा सांगितला. मी काही बोलू शकलो नाही. त्याने पाकीट परत सारले. मी पुन्हा पुढे केले. शेवटी त्याने ते कोपरीच्या खिशात ठेवले आणि मुलाला म्हणाला, "पावण्यास्नी गूळ दे." मी मधुमेहाचे सांगितले. तो हसला आणि कागदात एक लहान ढेप बांधून दिली. "घरच्यास्नी न्या मग."

पेढीवरचे वजन धरणे मी त्याच आठवड्यात बंद केले. कापड तोलून नेमके तेवढेच वजा करतो. शेजारचे अडते मला वेडा म्हणाले, दोघांनी मात्र विचारपूस केली. गांधीजींच्या नावाने छापलेला, गिऱ्हाइकाचा महिमा सांगणारा एक फलक पुष्कळ दुकानांत असतो (तो मजकूर त्यांचाच, याला सबळ पुरावा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी). आमच्या पेढीवरही तो वर्षानुवर्षे माझ्या पाठीमागे टांगलेला होता. म्हणजे तो गिऱ्हाइकाला दिसे, मला दिसत नसे. आता तो समोरच्या भिंतीवर हलवला आहे. मुलगा संगणकावर बिले करतो. कोणी उंबऱ्यावर आले आणि त्याची नजर पडद्यावरच राहिली, तर मी नुसता खोकतो. तो वर पाहतो.

माझा साखरेचा आकडा आठ महिन्यांत ७.१ वर आला. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. सायकलचा तास चालू आहे. प्रशिक्षक मुलगा आता चौथऱ्यावर चढण्यापूर्वी ओळीतून एक फेरी मारतो आणि माझ्याजवळ आला की विचारतो, "काका, खाऊन आलात ना?" पडद्यावर मी अजून बहुधा शेवटचा असतो.

माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी एक लहान डबी असते. तिच्यात गुळाचे चार खडे. ते कोणत्या गुऱ्हाळाचे, हे वाचकांना सांगायला नकोच.